म्हैसूरच्या नावाचे वाटेकरी

म्हैसूरचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी सहजासहजी संपत नाही. रेशमी साडी, चंदनाचे तेल, चंदनी साबण, उदबत्ती, मल्लिगेची फुले, विड्याचे पान, शिसवी लाकडावरील जडावकाम, गंजिफाचे पत्ते आणि म्हैसूरपाक यांच्यापैकी बहुतेकांना वोडेयार संस्थानाच्या काळातील राजाश्रय आणि कारागिरी यांचे पाठबळ लाभले, आणि ज्या वस्तूला नाव मिळाले तिच्या मागे नक्कल करणारे, भाव पाडणारे, निंदा पसरवणारे आणि माणसे फोडणारेही आले. हेवेखोर प्रतिस्पर्ध्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा माणसाच्या स्वभावाकडे वळते. परंतु हेवा ही मनाची अवस्था असल्याने तिच्यावरचा उपाय व्यावसायिकाच्या हाती नसतो आणि भारतीय कायद्यातही हेवा करणे हा कोठे अपराध मानलेला नाही. हेव्यापोटी केलेली कृती मात्र ओळखता येते, तिचा पुरावा गोळा करता येतो आणि पुष्कळदा ती रोखताही येते. म्हणून प्रतिस्पर्ध्याची कृती कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवणे हे धंदा करणाऱ्याचे पहिले काम ठरते. त्यात गफलत झाली तर वैध स्पर्धेवर वकिलांची फी खर्च होते आणि उघड चोरीकडे दुर्लक्ष होते.

ज्या स्पर्धेवर काहीही कारवाई करता येत नाही तिचे उत्तम उदाहरण म्हणजे म्हैसूरपाक. नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांच्या मुदपाकखान्यातील काकासुर मादप्पा या आचाऱ्याने बेसन, तूप आणि साखर यांचा हा पदार्थ प्रथम बनवला, असे परंपरेने सांगितले जाते, आणि देवराज मार्केटलगतचे गुरू स्वीट मार्ट हे दुकान आजही त्याच घराण्याकडे आहे. पदार्थाची कृती मात्र केव्हाच सार्वजनिक झाली असून देशभरातील कोणताही हलवाई ती वापरू शकतो. कोइंबतूरच्या श्रीकृष्ण स्वीट्सने तर तुपाचे प्रमाण वाढवून, जिभेवर विरघळणारा मऊ प्रकार ‘मैसूरपा’ या नावाने इतका लोकप्रिय केला की तमिळनाडूतील नव्या पिढीला मूळचा जाळीदार, खुसखुशीत प्रकारच परका वाटावा. सप्टेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांवरील एका विनोदी संदेशातून म्हैसूरपाकाचे हक्क तमिळनाडूला मिळाल्याची अफवा उठली, तेव्हा कर्नाटकात संतापाची लाट उसळली. प्रत्यक्षात तसे काहीच घडलेले नव्हते. या सगळ्यात मादप्पांच्या वंशजांचे दुकान बंद पडले नाही, कारण मूळ जागी मूळ घराण्याने केलेला पदार्थ ही गोष्ट कोइंबतूरच्या कारखान्यात तयार होऊ शकत नव्हती. ज्या व्यावसायिकाकडे कायद्याने राखता येईल असे काहीच नसते त्याच्याकडेही बहुधा अशी एखादी न हलवता येणारी गोष्ट असते, आणि ती ओळखून दुकानाच्या पाटीपासून वेष्टनापर्यंत स्पष्टपणे सांगणे हे त्याच्या हातातील मुख्य साधन असते.

रेशमाची स्थिती वेगळी आहे. संस्थानाने १९१२ मध्ये म्हैसुरात रेशीम विणण्याचा कारखाना काढला, त्यासाठी स्वित्झर्लंडहून यंत्रमाग आणवले, आणि १९८० मध्ये हा कारखाना कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे आला. या साडीच्या जरीत ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोने असते, असे महामंडळ सांगते. साध्या डोळ्यांना ही टक्केवारी दिसत नाही, आणि हलक्या जरीच्या, कृत्रिम धाग्याची भेसळ असलेल्या साड्या ‘म्हैसूर सिल्क’ म्हणून विकणाऱ्यांचे सारे गणित याच अज्ञानावर उभे राहिले. त्यावर महामंडळाने दोन बाजूंनी उपाय केला. पहिला उपाय कायद्याचा: भौगोलिक उपदर्शन, म्हणजे ज्या वस्तूचा दर्जा, गुणधर्म किंवा कीर्ती विशिष्ट भूभागामुळे आलेली असते तिच्या नावाला मिळणारे संरक्षण, हे १९९९ च्या कायद्याने भारतात आले आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाले, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच म्हैसूर रेशीम, म्हैसूर उदबत्ती, म्हैसूर चंदन तेल आणि म्हैसूर सँडल साबण यांची नोंदणी झाली. दुसरा उपाय मागावरचा: प्रत्येक साडीला स्वतःचा क्रमांक आणि होलोग्राम देण्यात आला, ज्यामुळे खरेदीदाराला दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

या दोहोंत दुसरा उपाय अधिक उपयोगी पडला असे म्हणण्यास जागा आहे. भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी नक्कल करणाऱ्यावर दावा लावण्याचा अधिकार देते, पण देशभरातील हजारो दुकानांत कोण काय विकतो यावर पहारा ठेवणारी यंत्रणा ती देत नाही. क्रमांक मात्र प्रत्येक गिऱ्हाइकालाच पहारेकरी बनवतो. अलीकडच्या काळात महामंडळाच्या विक्रीकेंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा लागल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली, त्यामागे मागणीच्या मानाने उत्पादन अपुरे पडते हे कारण आहेच, पण खरी साडी कोठे मिळते याबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात शंका उरलेली नाही हेही एक कारण आहे. पुरवठा कमी पडला की नकलेला वाव मिळतो, हे मात्र महामंडळाला अजून नीट सुटलेले कोडे नाही.

चंदनाच्या साबणाचा इतिहास स्पर्धेपेक्षा परावलंबनापासून सुरू होतो. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवून त्याच्या व्यापारावर राज्याची मक्तेदारी बसवली आणि पुढे संस्थानानेही ती चालू ठेवली. पण लाकूड परदेशी जाई आणि त्याचे तेल युरोपात काढले जाई. पहिल्या महायुद्धाने ही निर्यात अडवली, तेव्हा लाकडाचे ढीग साठून राहिले आणि संस्थानाने स्वतःच तेल गाळण्याचा निर्णय घेतला. बेंगळुरूत १९१६ मध्ये साबणाचा कारखाना उभा राहिला, दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी त्याला पाठबळ दिले आणि सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनतज्ज्ञांनी त्याची घडी बसवली. लंबवर्तुळाकार वडी आणि हत्तीचे मस्तक व सिंहाचे धड असलेल्या शरभाचे चिन्ह ही या साबणाची ओळख ठरली. वडीचा आकार, वेष्टनाची रंगसंगती, अक्षरांची ठेवण यांच्या मिळून बनणाऱ्या अशा ओळखीला कायद्यात वस्तूचे बाह्यरूप मानतात, आणि नाव वेगळे असले तरी बाह्यरूपाची नक्कल करून गिऱ्हाइकाला फसवणे हा दाव्याचा विषय होतो.

हैदराबादमध्ये जानेवारी २०२४ मध्ये जे उघडकीस आले ते नकलेच्याही पुढचे होते. तेथे मलकपेठ भागात म्हैसूर सँडल साबणाचेच वेष्टन छापून बनावट साबण तयार होत होता, आणि जप्त झालेल्या मालाची किंमत सुमारे दोन कोटी रुपये सांगण्यात आली. साबण बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या लोकांनी बाजारातून तो माल विकत घेऊन त्याची तपासणी केली, मुळापर्यंत माग काढला आणि मग पोलिसांकडे तक्रार दिली. हा क्रम मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये खोटे चिन्ह लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वॉरंटाविना झडती आणि जप्ती करायची तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यावे लागते. मालाची पावती, तपासणीचा अहवाल आणि चिन्हाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र हाती नसताना संतापाच्या भरात केलेली तक्रार या टप्प्यांवरच अडकते, आणि तोवर माल दुसऱ्या गोदामात गेलेला असतो.

उदबत्तीच्या धंद्यात शत्रुत्वाचे बहुतेक सगळे प्रकार एकत्र सापडतात. कोळशाची पूड, जिगट नावाची सालीची चिकट भुकटी आणि बांबूची काडी यांपासून कच्ची बत्ती वळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर घरोघरच्या स्त्रिया करतात. ते काम कोणीही शिकू शकतो. धंद्याचे खरे भांडवल असते सुगंधाच्या मिश्रणात, आणि ते मिश्रण ज्याला पूर्ण ठाऊक असते अशी माणसे कोणत्याही कारखान्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्यापैकी एखादा प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर काय करावे, या प्रश्नाला भारतीय कायद्याचे उत्तर मालकांना न आवडणारे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो, त्यामुळे नोकरी सोडल्यावर दुसऱ्या उदबत्तीवाल्याकडे जाऊ नये ही अट नेमणूकपत्रात कितीही ठळक छापली तरी ती न्यायालयात टिकणे अवघड असते. गुपित उघड करू नये ही अट मात्र वेगळी, आणि तिच्या भंगावर दाद मागता येते. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात, मार्च २०२४ मध्ये, तसा कायदा करण्याची शिफारस केली आहे. तोवर गुपित राखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ते तुकड्यातुकड्यांत वाटून ठेवणे, जेणेकरून कोणाही एकाच्या जाण्याने सारे हातचे जाणार नाही, आणि ज्या दोघाचौघांना ते पूर्ण ठाऊक असते त्यांना धंद्यात वाटा देणे. दुसऱ्या उपायाला मालक सहसा फार उशिरा तयार होतात.

म्हैसुरात १९४८ मध्ये एन. रंगराव यांनी सुरू केलेला आणि पुढे सायकल या छापाने देशभर पोचलेला उदबत्तीचा व्यवसाय या स्पर्धेत टिकला. सायकल हे नाव कन्नड, मराठी, तमिळ वा बंगाली अशा कोणत्याही गिऱ्हाइकाला भाषांतराविना कळते आणि अक्षरओळख नसलेल्यालाही चित्रावरून मागता येते, हा त्यातील एक मोठा लाभ. आयटीसीसारख्या बलाढ्य कंपनीने २००३ मध्ये मंगलदीप हा छाप घेऊन याच बाजारात पाऊल ठेवले, तेव्हा आलेले आव्हान भांडवलाचे आणि वितरणाच्या जाळ्याचे होते. त्यात शत्रुत्व शोधण्याचे कारण नव्हते. व्हिएतनाम आणि चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालाचे आव्हान आणखी निराळे, आणि त्यावर एकट्या कारखानदाराने काही करण्यासारखे नसल्याने तेथे सरकारी धोरणच कामी आले: ३१ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने उदबत्तीची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली. एरवी एकमेकांचे भाव पाडणारे उत्पादक अशा वेळी एकाच मागणीमागे उभे राहतात. प्रतिस्पर्ध्याशी बोलणेच बंद करून टाकणाऱ्या व्यावसायिकाचे नुकसान येथे होते.

प्रत्येक पराभवामागे वैरी असतोच असे नाही, हे म्हैसूरच्याच आयडियल जावा कारखान्याने दाखवून दिले. मुंबईच्या इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी येथे मोटारसायकली बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्याच कारखान्यातून येझ्दी हे नाव देशाच्या रस्त्यांवर गाजले. हिरो होंडा, यामाहा आणि सुझुकी यांच्या १०० सीसीच्या, कमी पेट्रोलवर अधिक पळणाऱ्या गाड्या १९८० च्या दशकाच्या मध्यात आल्या आणि बाजाराची मागणीच पालटली. पुढे प्रदूषणाचे नियमही कडक झाले. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या जपानी तंत्राच्या गाड्यांनी कोणाची नक्कल केली नव्हती की कोणाची बदनामी केली नव्हती. अशा प्रसंगी दुसऱ्याच्या मत्सराची कथा रचणे मालकाला सोयीचे असते, कारण त्यामुळे स्वतःच्या इंजिनाकडे पाहावे लागत नाही. पुढे २०२२ मध्ये क्लासिक लेजेंड्स या कंपनीने येझ्दीचे नाव पुन्हा रस्त्यावर आणले, ते नाव कोणाचे यावरून कर्नाटक उच्च न्यायालयात वाद चालला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकसदस्यीय पीठाने ते दिवाळखोरीत निघालेल्या मूळ कंपनीचे ठरवले आणि प्रकरण अपिलात गेले. यंत्रे भंगारात गेल्यावरही नावाची किंमत शिल्लक राहते ती अशी.

निंदेच्या बाबतीत भारतीय न्यायालयांनी आखलेली रेषा बऱ्याच व्यावसायिकांना चमत्कारिक वाटते. कपड्यांना लावण्याच्या निळीवरून कलकत्ता उच्च न्यायालयात १९९९ मध्ये एक प्रकरण गाजले. उजालाच्या जाहिरातीत रॉबिन ब्लूसारखी दिसणारी बाटली दाखवून तसली नीळ खर्चिक पडते आणि कपड्यांवर डाग ठेवते असे सुचवले होते. न्यायालयाने त्या जाहिरातीला मनाई केली आणि पुढे वारंवार आधारास घेतली गेलेली तत्त्वे मांडली: विक्रेत्याने आपला माल जगात सर्वोत्तम आहे असे म्हणावे, ते खरे नसले तरी चालेल, इतरांच्या मालापेक्षा आपला सरस आहे असेही म्हणावे आणि तुलनाही करावी, पण तसे करताना इतरांचा माल वाईट आहे असे म्हणू नये. म्हणजे शेजारचा मिठाईवाला ‘शहरातील सर्वांत शुद्ध तूप आमचेच’ अशी पाटी लावत असेल तर त्याबद्दल तक्रारीला जागा नाही, पण ‘समोरच्या दुकानात वनस्पती तूप वापरतात’ असे तो खोटेच सांगत असेल तर दाद मागता येते. अलीकडे ही निंदा पाटीवर न येता खोट्या ग्राहकांच्या नावाने ऑनलाइन अभिप्रायांतून येते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक आहे. म्हैसूरसारख्या पर्यटकांवर चालणाऱ्या शहरातील उपाहारगृहांना याचा फटका अधिक बसतो, कारण परगावचा पाहुणा तारे मोजूनच दार उघडतो. खोट्या अभिप्रायाला त्याच जागी, तारीख आणि बिल क्रमांक विचारणारे शांत उत्तर देणे हे येथे कायदेशीर नोटिशीपेक्षा बहुधा लवकर गुण देते.

भाव पाडून प्रतिस्पर्ध्याला संपवण्याचा प्रकार कायद्याला ठाऊक आहे, परंतु त्याची व्याख्या अरुंद आहे. स्पर्धा कायदा, २००२ नुसार स्पर्धा कमी करण्याच्या किंवा प्रतिस्पर्ध्यांना हटवण्याच्या हेतूने उत्पादनखर्चाहून कमी भाव लावणे बेकायदा ठरते, पण ते बाजारावर वर्चस्व असलेल्याने केले तरच. राष्ट्रीय शेअर बाजाराने चलनाच्या वायदे व्यवहारांवर शुल्कच न आकारण्याचे धोरण ठेवले, त्याविरुद्ध प्रतिस्पर्धी बाजाराने तक्रार केली आणि स्पर्धा आयोगाने २०११ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला ५५.५ कोटी रुपये दंड केला. गल्लीतील दुकानदाराने चार महिने तोट्यात विक्री केली तर तो या व्याख्येत बसत नाही, आणि त्याच्याशी भावाने लढण्यापेक्षा त्याचे भांडवल आटेपर्यंत तग धरणे हाच उपाय उरतो.

सर्वांत कटू प्रतिस्पर्धी पुष्कळदा घरातूनच निघतो. आडनाव हेच व्यापाराचे नाव असलेल्या महाराष्ट्रात हे वारंवार घडते, आणि स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा कायद्याने प्रत्येकाला दिलेली असल्याने गुंता वाढतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये किर्लोस्कर नावाच्या वादात या मुभेची सीमा आखली: किर्लोस्कर या नावामागे एका उद्योगसमूहाची दीर्घकाळची कीर्ती उभी असताना तेच नाव घेऊन नव्या कंपन्या काढणाऱ्यांना मनाई हुकूम लागला, आडनावाचा बचाव पुरला नाही. वाटणी करताना शेती, घर आणि यंत्रे यांच्याइतक्याच काटेकोरपणे नावाची वाटणी लिहून ठेवणारी कुटुंबे थोडी असतात.

व्यापारचिन्हाची नोंदणी फारशी महाग नाही. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये शुल्क पडते; उदबत्ती तिसऱ्या वर्गात, मिठाई तिसाव्या. कर्नाटकाचे अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे, महाराष्ट्राचे मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अर्ज उशिरा केला तरी सारे संपत नाही, कारण आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर आलेल्याच्या नोंदणीने बुडत नाही; पण तो वापर सिद्ध करायला जुनी बिले, छापखान्याच्या पावत्या, तारीख असलेल्या जाहिराती लागतात, आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत रद्दीत जातात त्या नेमक्या याच. उलट, हक्क नसताना प्रतिस्पर्ध्याला दाव्याच्या नोटिशी पाठवत राहणाऱ्याविरुद्ध त्या प्रतिस्पर्ध्यालाच व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १४२ खाली दाद मागता येते, म्हणजे हेवेखोर कोण हे ठरवण्याची वेळ आल्यास कायदा वादीकडेही पाहतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर वाणिज्यिक दाव्यापूर्वी मध्यस्थीचा टप्पा पार पाडणे २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात सूट नसल्याचे स्पष्ट केले आहे. एकाच बाजारपेठेत पुढची वीस वर्षे समोरासमोर बसायचे असलेल्या दोन दुकानदारांना हा टप्पा न्यायालयाच्या निकालाहून अधिक देऊन जाऊ शकतो.

भौगोलिक उपदर्शनाच्या नोंदवहीत प्रतिस्पर्ध्यांमधील अशा सामोपचाराचे एक मोठे उदाहरण नोंदलेले आहे. सीमाप्रश्नावरून सहा दशकांहून अधिक काळ भांडणारी महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत सहमालक आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठीची नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून मिळाली आहे. इटलीच्या प्राडा कंपनीने जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला उगमाचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण दाद मागण्याचा अधिकार नोंदणीकृत मालकांचा होता. त्या मालकांनी दावा लावला नाही. डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांनी प्राडाशी करार केला आणि त्या कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही चपला या आठ जिल्ह्यांतील कारागिरांकडून करून घेण्याचे ठरले.